जुन्या ओम्नीला ऑइल प्रेशर मीटर बसवता येतो का? बसवावा का?

तुमची अडचण मला कळली ती अशी: कार्ब्युरेटरवाली जुनी ओम्नी, इंजिन चांगलं तापलं की आयडलिंगला ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो, थोडी रेस दिली की विझतो. मेकॅनिक म्हणतो दिवा लावणारा प्रेशरचा स्विच बदलून टाकू, तुमच्या मनात मात्र खराखुरा मीटर बसवायचंय.

बसवा, पण आजच नको. आधी प्रेशर मोजून घ्या.

माझी ओम्नी 1996 ची. पहाटे कोल्हापूरहून गगनबावड्याच्या बाजूला पेपरचे गठ्ठे टाकते. तिचाही दिवा असाच लुकलुकायचा आणि मीही दोन स्विच बदलले. तिसऱ्यांदा दुकानात गेलो तेव्हा काउंटरवरचे काका म्हणाले, "अहो, दिवा खरं बोलत असेल तर?" त्यांचं बरोबर होतं. हा दिवा साधारण 4 ते 7 पीएसआयच्या (टायरची हवा मोजतात तेच माप) खाली प्रेशर गेलं की लागतो, त्याच्या वर काय चाललंय ते तो सांगत नाही. प्रेशर 40 वरून 10 वर आलं तरी दिवा गप्पच. तो पेटतो तोवर बेअरिंगांचं नुकसान बऱ्याचदा होऊन गेलेलं असतं.

म्हणून पहिलं काम: डिपस्टिक काढून लेव्हल बघा आणि ऑइलचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर मीटर राहू द्या, आधी फ्युएल पंप बघा. या गाड्यांचा पंप मेकॅनिकल असतो, त्याचा पडदा फाटला की पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि प्रेशर पडतं. लेव्हल आपोआप वाढलेली दिसली तर खूश होऊ नका, तीही याचीच खूण.

दुसरं, एखाद्या गॅरेजमधून हातमीटर मागून आणा. स्विच काढायचा, त्याच्या जागी मीटरचा पाइप लावायचा, गाडी वीसेक मिनिटं चालवून तापवायची आणि आयडलिंगचा आकडा बघायचा. जुने मिस्त्री दर हजार आरपीएमला दहा पीएसआय असा ढोबळ हिशेब धरतात. तापलेल्या इंजिनाला आयडलिंगवर 10 च्या आसपास मिळालं तर स्विच खोटं बोलतोय. 5 च्या खाली असेल तर मीटरचे पैसे वाचवा आणि ऑइल पंप, ऑइल चेंबरमधली गाळणीची जाळी, बेअरिंगं या रस्त्याला लागा. मीटर लावल्याने प्रेशर वाढत नाही, हे मला स्वतःला समजवायला वेळ लागला होता.

स्विच ओळखायचा कसा? इंजिन तुमच्या सीटखालीच आहे. ब्लॉकवर एकच वायर जाणारा छोटा स्विच शोधा. चावी ऑन करून वायर ओढा, दिवा विझला पाहिजे. तीच वायर बॉडीला टेकवा, दिवा लागला पाहिजे. दोन्ही झालं तर जागा बरोबर.

आता मीटर कुठला? मेकॅनिकल मीटर ट्रॅक्टरच्या स्पेअरपार्टच्या दुकानात स्वस्तात मिळतो, काटा प्रामाणिक असतो, वायरिंगची कटकट नाही. मी तोच लावला होता, नायलॉनच्या बारीक पाइपसकट. ती माझी चूक. या मीटरमध्ये गरम ऑइल पाइपातून थेट डॅशबोर्डपर्यंत येतं. सहा महिन्यांत सीटच्या फ्रेमला घासून पाइपाला भोक पडलं आणि घाटात माझ्या पँटवर, मॅटवर आणि त्या दिवशीच्या पेपरांवर ऑइलचा फवारा. पाय थोडक्यात वाचला. ट्रॅक्टरवर मीटर उघड्यावर असतो, इथे आपण इंजिनावर बसतो. ओम्नीत मेकॅनिकल मीटर हातमीटर म्हणूनच वापरावा, असं माझं ठाम मत आहे.

तेव्हा इलेक्ट्रिक. यात ऑइल सेन्सरपाशीच थांबतं, आत फक्त वायर येते. पण सेन्सर आणि मीटर एकाच जोडीचे घ्या. युरोपीय पद्धतीचे सेन्सर 10 ते 180 ओहमचे (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप), प्रेशर वाढलं की ओहम वाढतो. अमेरिकी पद्धतीचे 240 ते 33 चे, बरोबर उलटे. जोडी चुकली तर इंजिन बंद असताना काटा शेवटाला जाऊन बसतो आणि माणूस वायरिंग शोधत बसतो.

सर्वात जास्त वेळ आट्यांनी खाल्ला. जपानी घराण्यातल्या इंजिनांना स्विचचा आटा सहसा पाव इंचाच्या निम्मा, ब्रिटिश टेपर, म्हणजे टोकाकडे निमुळता, असतो: इंचाला 28 आटे. ऑनलाइन मिळणारे बरेच सेन्सर अमेरिकी टेपरचे, इंचाला 27. हाताने दोन फेरे छान बसतात, म्हणून वाटतं जमलं. पुढे पाना लावला की आटे खायला लागतात, आणि ब्लॉकचे आटे गेले तर दुखणं मोठं. मी उद्यमनगरात एका लेथवाल्याकडे जुना स्विच आणि नवा सेन्सर दोन्ही घेऊन गेलो. त्याने आटे मोजायचं पिच गेज लावलं, मान हलवली आणि पितळी टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, बनवून दिली: ब्लॉककडे 28, सेन्सरकडे 27, तिसऱ्या तोंडाला पुन्हा 28, जुन्या स्विचसाठी. हे तिसरं तोंड ठेवाच. गाडी चालवताना नजर रस्त्यावर असते, काट्यावर नाही. प्रेशर अचानक गेलं तर लाल दिवाच डोळ्यात भरतो.

सेन्सर वजनाला बराच जड. टी थेट ब्लॉकवर लावून त्यावर तो लोंबकळत ठेवला तर तीन सिलिंडरच्या इंजिनाच्या थरथरीने पितळ मानेतून मोडतं, आणि मोडलं की सगळं ऑइल रस्त्यावर. ब्लॉकपासून टीपर्यंत जाळीदार, ऑइल चालणारा छोटा होज घ्या आणि टी बॉडीला पट्टीने आवळा. मात्र होजने टी आणि इंजिन यांच्यातली अर्थिंग तुटू शकते, म्हणून एक वायर सेन्सरच्या अंगाला आणि एक स्विचच्या अंगाला बांधून बॉडीला द्या. नाहीतर काटा लहरी वागतो आणि दिवा लागतच नाही. टेफ्लॉन टेप नको. तुकडा आत गेला तर ऑइलच्या वाटेत अडकतो. पहिले एक-दोन आटे कोरडे सोडून पातळ सीलंट पुरे. टेपर आटा आहे, ताकद दाखवू नका.

वायरिंग सोपं. चावीनंतर करंट येणाऱ्या वायरवरून छोटा फ्यूज टाकून 12 व्होल्ट, पार्किंगवरून मीटरचा बल्ब, पत्र्यातून जाताना रबरी ग्रोमेट. गॅस किट असेल तर आधी बॅटरीची अर्थ काढा.

मीटर लागल्यावर पहिले आठ दिवस घाबरायला होतं. माझ्या गाडीत पहाटे थंड इंजिनाला काटा साठाला टेकतो, तापून आयडलिंगला 12 वर येतो, साठच्या स्पीडला चाळिशीत. तुमचे आकडे वेगळे असतील. ते आठवडाभर वहीत लिहा. पुढे याच आकड्यांशी तुलना करायची. आणि पहिल्या रात्री टीच्या खाली जुना पेपर पसरून ठेवा. सकाळी थेंब दिसला तर अर्धा फेरा आवळा, पुन्हा पेपर पसरा.