फिगर ड्रॉइंग मापात येतं पण त्यात जीव नसतो. चेहऱ्यावरचे भाव शिकायला संग्रहालयातलं कोणतं चित्र समोर ठेवू?

पाठमोरं ठेवा. भाव चेहऱ्यातच असतो हा समज क्लासमधून इतका पक्का होतो की मुलं डोळे-ओठ तासन् तास घोटतात आणि पाय पाच मिनिटांत उरकतात. आकृती मरते ती तिथे.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात मायकेलअँजेलोचा लिबियन सिबिलचा अभ्यास (चित्राआधीचं तयारीचं रेखाटन) आहे. व्हॅटिकनमधल्या सिस्टिन चॅपेलच्या छतासाठी 1510-11 च्या सुमारास लाल खडूत केलेला. छतावर ती भविष्यवेत्ती स्त्री आहे, कागदावर मॉडेल मात्र पुरुष. पाठ पिळलेली, हात उचललेले, मान खांद्यावरून वळलेली. छतावर याच हातांत जाडजूड ग्रंथ आहे; इथे ग्रंथ नाही, तरी वजन जाणवतं. का, ते कागदाच्या खालच्या भागात कळतं: डाव्या पायाची बोटं आणि अंगठा त्यानं पुन्हा पुन्हा काढलाय. सगळा भार तिथे उतरतो. अंगठा जमिनीत रुतला नाही तर वरचे हात नुसते हवेत तरंगतील. चेहराही खाली वेगळा काढलाय, हे खरं. पण तो मानेच्या पिळाला धरूनच.

कागद 28.9 × 21.4 सेंमी, म्हणजे जवळपास ए-4. संग्रहालयाच्या वेबसाइटवरून मोठी प्रत फुकट मिळते, छापली की मूळ मापाच्या आसपास हाताशी येते.

आधी भरलेला डबा माळ्यावर ठेवायला टाचा उचला आणि तसंच मागे वळून बघा. ताण कुठे येतो ते अंगाला कळू द्या. मग फिकट सँग्विन (लाल खडूच्या) पेन्सिलीनं तीनच रेषा: खांद्यांचा कल, कमरेचा कल, टेकलेल्या पायापर्यंतचा कणा. खांदे आणि कंबर समांतर आले तर पुढे जाऊ नका, पीळ गेलेला असतो. लाल खडू खोडरबरानं पूर्ण निघत नाही, म्हणून हात हलका. टोक ब्लेडनं लांब काढा, बोथट झालं की रेषा गोलाईवरून वळत नाही. छटा रेषांनीच द्या. बोटानं किंवा कापसानं घासलेलं 'फिनिशिंग' मला मान्य नाही. हाडाची कड आणि मऊ स्नायू दोन्ही एकाच धुरात जातात. सगळे स्नायू सारखे गडद केलेत तर ताणलेला कोणता आणि सैल कोणता, हेच कळत नाही. पांढरा खडू मूळ चित्रात मुख्य आकृतीच्या डाव्या खांद्यावर थोडासाच आहे, बाकी उजेड कोऱ्या कागदाचा.

हे पुरुषाचं शरीर आहे, त्यामुळे स्त्री-आकृतीची मापं यावरून घेऊ नका. बरगड्या आणि खांद्याचं पातं अजून ओळखता येत नसेल तर आधी महिनाभर सांगाडा काढा. आणि मूळ चित्र बघायला जाणार असाल तर ते मांडलेलं आहे का ते आधी विचारा; कागदावरची कामं उजेडानं खराब होतात, म्हणून बराच काळ अंधारात ठेवलेली असतात.