‘लेखकु जाहला’ आणि पौलाची पत्रे

प्रश्न असा आहे : बायबलच्या नव्या करारात प्रेषित पौलाच्या नावावर जी पत्रे आहेत, त्यांतल्या रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात तर्तिय नावाचा माणूस मध्येच सलाम सांगतो आणि ‘हे पत्र लिहिणारा मी’ म्हणतो. मग त्या पत्राचा लेखक पौल कसा?

ज्ञानेश्वरीच्या शेवटची ओवी आठवा. ‘टीका केली ज्ञानेश्वरें’ आणि लगेच ‘सच्चिदानंदबाबा आदरें । लेखकु जाहला’. करणारा एक, लिहिणारा दुसरा. या ओवीतला लेखक म्हणजे सांगितलेले उतरवून घेणारा. त्याला आपण आता लेखनिक म्हणतो (परीक्षेत अंध विद्यार्थ्याशेजारी बसतो तो), आणि लेखक हा शब्द बढती मिळून कर्त्याच्या जागी गेला. तर्तिय हा ओवीतल्या अर्थाने लेखकु.

रोमकरांस पत्राबद्दल वाद नाही. वाद आहे तो पौलाच्या सहकाऱ्यांना, म्हणजे तीमथ्याला लिहिलेली दोन आणि तीताला लिहिलेले एक, या पत्रांचा; त्यांना पाळकीय पत्रे म्हणतात. बहुतेक अभ्यासक ती पौलाची मानत नाहीत. अभ्यासक हॅरिसन यांनी १९२१ साली मोजदाद मांडली : या तीन पत्रांत विशेषनामे सोडून ८४८ वेगवेगळे शब्द, पैकी ३०६ पौलाच्या उरलेल्या दहा पत्रांत कुठेच नाहीत. आकडा दचकवणारा आहे खरा. पण लेखनिकाला मोकळीक दिली असेल, तर शब्द त्याचे आणि म्हणणे पौलाचे असे होऊ शकते. तीमथ्याला दुसऱ्या पत्रात ‘लूक एकटाच माझ्याजवळ आहे’ असे वाक्य आहे, म्हणून लेखनिक कोण म्हणताना काहींचे बोट पौलाचा सोबती लूक याच्याकडे जाते. अडचण एवढीच की तिन्ही पत्रांत लेखनिकाचे नाव नाही. तरी ही पत्रे पौलाचीच ही परंपरेची बाजू मला अजून तगून आहे असे वाटते.

थेस्सलनीकाकरांस दुसरे पत्रही असेच वादातले. त्याच्या शेवटी पौल स्वहस्ते सलाम लिहितो आणि ही माझ्या प्रत्येक पत्रातली खूण असे बजावतो. मजकूर चिटणिसाचा, शेवटी मोर्तब धन्याची, हा मराठेशाहीतल्या कागदांचा रिवाज ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

आता ही वादातली पत्रे पौलाची नसतीलच, तर त्यांना ‘टोपणनावाने लिहिलेली पत्रे’ म्हणावे का? नको. टोपणनाव आपले आपण घेतो, कुसुमाग्रजांसारखे. दुसऱ्या खऱ्या माणसाचे नाव लावणे म्हणजे तोतयेगिरी. ‘त्या काळी ते चालायचे’ हेही सरसकट खरे नाही. आशिया या रोमन प्रांतातल्या एका वडिलाने (म्हणजे ख्रिस्ती मंडळीच्या पदाधिकाऱ्याने) पौलाच्या नावावर लिखाण खपवले, ‘पौलावरच्या प्रेमापोटी केले’ अशी कबुली दिली, आणि तरीही त्याचे पद गेले, असे तर्तुलियन हा प्राचीन ख्रिस्ती लेखक सांगतो.