रोज खिशात ठेवायला मोठा फोल्डिंग चाकू हवाय, मी डावखुरा आहे, कोणता घेऊ?

तुम्ही बक ११०, स्पायडर्कोचा पॅरा मिलिटरी २ आणि कोल्ड स्टीलचा रेकॉन १ अशी तीन नावं दिलीयत आणि पातं साडेतीन ते चार इंच हवं म्हणताय. तिन्ही माझ्याकडे आहेत, आळीपाळीने खिशात वागवलेत, म्हणून लिहितोय. पण डावखुरे आहात हे तुम्ही अगदी शेवटी लिहिलंयत, खरं तर सुरुवात तिथूनच करायला हवी.

आधी बक. १९६४ पासून बनतोय, पितळ आणि लाकडाची मूठ, हातात घेतला की ठेववत नाही एवढा देखणा आहे. पण वजन २०० ग्रॅमच्या आसपास आणि खिशाच्या कडेला अडकवायची क्लिप नाही, त्यामुळे खिशात टाकला की तळाला जाऊन बसतो आणि चालताना मांडीवर आपटत राहतो. तो पट्ट्याला म्यानात अडकवूनच वापरायचा चाकू आहे. उघडायलाही दोन हात लागतात. रोजच्यासाठी नको, एवढंच सांगतो.

पॅरा मिलिटरी २ माझ्या खिशात सगळ्यात जास्त राहिलाय. पातं ३.४४ इंच, वजन साधारण १०५ ग्रॅम, पात्यावरच्या गोल भोकात अंगठा अडकवला की एका हाताने उघडतो. ह्याचं लॉक, म्हणजे उघडलेलं पातं जागेवर धरून ठेवणारी पट्टी, मला मनापासून आवडतं कारण ते मुठीच्या पाठीकडून दाबायचं असतं, बंद करताना बोट पात्याच्या वाटेत येतच नाही. आता तुमच्यासाठी अडचण इथेच आहे. क्लिप डावीकडे लावता येते, पण नेहमीच्या मॉडेलात लॉकची पट्टी उजव्या हाताच्या सोयीनेच बसवलीय. माझा धाकटा भाऊ डावखुरा आहे, त्याच्या हातात दिला तर उघडला झटकन, पण बंद करताना त्याला दरवेळी मूठ फिरवून दुसऱ्या बोटाने पट्टी चाचपावी लागली. सवयीने जमतं म्हणतात, पण रोज दहा वेळा उघडायची वस्तू असेल तर सवयीवर कशाला सोडायचं?

साध्या लायनर लॉकबद्दल तर जास्तच जपून राहा, तेही बहुतेक उजव्या हातासाठीच बनतात. त्यात मुठीच्या आतली पातळ पट्टी सरकून पात्याच्या बुडाखाली येते, बस, तिच्यावरच सगळं. माझ्या एका जुन्या चाकूची ती पट्टी झिजली होती आणि मला पत्ता नव्हता, जाड प्लॅस्टिकमध्ये टोक खुपसून जरा पिळलं आणि पट्टी सटकली, पातं सरळ तर्जनीवर मिटलं, तीन टाके पडले. तेव्हापासून कुठलाही नवा चाकू आला की तो उघडून, बोटं वाटेतून बाजूला ठेवून, पात्याची पाठ टेबलाच्या कडेवर हलकेच टेकवून दाबून लॉक सुटतं का ते बघतो.

रेकॉन १ त्या बाबतीत मजबूत आहे. लॉक मुठीच्या पाठीच्या मधोमध, त्यात एक जादा पिन ताण झेलते, आणि पातं अंगठ्याने उघडायचा खुंट दोन्ही बाजूंना, म्हणजे डाव्या हातालाही तसाच चालतो. पातं ४ इंच. पण मूठ लांब आहे, बसल्यावर खिशात टोचते आणि किल्ल्यांसाठी हात घालायलाच जागा उरत नाही.

आणि एक गोष्ट जी सगळे लांबीच्या नादात विसरतात, ती म्हणजे पात्याची जाडी. रेकॉन १ ने सफरचंद कापून बघा, अर्ध्यावर गेलं की कट्‌ असा आवाज येतो आणि फळ कापलं जात नाही, फाकतं, कारण साडेतीन मिलिमीटर जाड पातं पाचरीसारखं घुसतं. तेच सफरचंद ओपिनेल नंबर १० ह्या फोल्डिंग चाकूने कापा, पातं १० सेंटीमीटर, जाडी साधारण निम्मी, आवाजच नाही, दोन फोडी शांतपणे बाजूला पडतात. पुठ्ठ्याचंही तसंच. ओपिनेलची मूठ लाकडी आहे, ओली झाली की फुगते आणि पातं अडकून बसतं, मग मुठीचा मागचा भाग टेबलावर ठोकला की पातं थोडं बाहेर येतं आणि धरता येतं. कार्बन स्टीलवाला घेतलात तर पुसून ठेवा, गंज लवकर धरतो.

म्हणून तुमच्या यादीत नसलेलं नाव सुचवतो, बेंचमेडचा ग्रिप्टिलियन, मोठ्या साइजचा. पातं ३.४५ इंच, जाडी ३ मिलिमीटरच्या आत, आणि लॉक म्हणजे मुठीतून आरपार गेलेली एक आडवी दांडी, दोन्ही बाजूंनी मागे ओढता येते, त्यामुळे डावा-उजवा भेदच नाही. भाऊ आता तोच वापरतो. मूठ प्लॅस्टिकची आहे, हाताला जरा पोकळ लागते, पण त्यामुळेच खिशात जाणवत नाही.

फक्त घ्यायच्या आधी तुम्ही राहता तिथला कायदा नक्की बघा. ब्रिटनमध्ये सबळ कारण नसेल तर ३ इंचापर्यंतचं आणि लॉक नसलेलं पातंच बाहेर बाळगता येतं, म्हणजे वरचा एकही चाकू तिथे खिशात चालणार नाही. विमानात केबिन बॅगेत तर ठेवूच नका. कुठे राहता ते लिहिलंत आणि दिवसभरात मुख्य काय कापता तेही, तर अजून नेमकं सांगता येईल.