बायबलमधल्या शलमोन राजाकडे 'नेव्ही' होती म्हणतात. म्हणजे आरमार का? नेव्ही आणि फ्लीट यांत फरक काय?

आरमार नव्हे. मालवाहू जहाजं. १६११ च्या किंग जेम्स बायबलात '१ राजे'च्या ९व्या आणि १०व्या अध्यायात 'नेव्ही' म्हटलंय, कारण तेव्हाच्या इंग्रजीत जहाजांच्या कुठल्याही जथ्याला नेव्ही म्हणायचे. नंतरच्या भाषांतरांत तिथे 'फ्लीट' नाहीतर नुसतं 'शिप्स' आहे. खरं तर उत्तर इथेच संपतं, पण या विषयावर माझं सासरकडे जुनं भांडण आहे.

मी मर्चंट नेव्हीत इंजिनियर होतो. मामेसासरे नौदलातून निवृत्त. साखरपुड्यात पेढा तोंडात टाकत चार लोकांसमोर म्हणाले, "जावईबापू, तोफ नाही ती कसली नेव्ही? तुमची समुद्रावरची ट्रान्सपोर्ट कंपनी हो!" सगळे हसले. सासरेबुवा जरा जास्तच. होणारा जावई काय बोलणार?

पुढे एकदा जॉर्डनच्या अकाबा बंदरात रॉक फॉस्फेट भरायला गेलो. त्याची धूळ म्हणजे छळ. ब्लोअर बंद केले तरी इंजिन रूममध्ये शिरते, वर उकाड्याने जीव नकोसा होतो. आमचा फिटर वसईचा ख्रिस्ती. डेकवर चहा पिताना म्हणाला, "सेकंड साब, शलमोन राजाने जहाजं इथेच बांधली." त्याच्याकडे मराठी बायबल होतं, ते रात्री मागून घेतलं. एसयोन-गेबेर, एलोथजवळ, तांबड्या समुद्राच्या काठी. म्हणजे त्याच आखाताचं टोक. जहाजं शलमोनाची, पण दर्याची माहिती असलेले खलाशी सोरच्या (म्हणजे टायर बंदराच्या) हीराम राजाने पाठवलेले. ओफीर नावाच्या देशाहून आणलेलं सोनं ४२० किक्कार ('२ इतिहास'मध्ये ४५०, कार्गोच्या हिशेबात घोळ तेव्हाही व्हायचा). किक्कार साधारण ३०-३५ किलोचा धरला तर तेरा-चौदा टन माल. शिवाय तार्शीशची जहाजं तीन वर्षांतून एकदा यायची, त्यांत सोनं, रुपं, हस्तिदंत, वानरं आणि मोर. लढाईचा त्यात मागमूस नाही. मालक एका देशाचा, क्रू दुसऱ्या, माल तिसरीकडचा. आजचं शिपिंग याहून वेगळं काय आहे?

नंतर यहूदाचा राजा यहोशाफाट यानेही तिथेच जहाजं बांधली, ती ओफीरला जाण्याआधीच फुटली. '२ इतिहास' म्हणतं, वाईट राजाशी भागीदारी केली म्हणून देवाने मोडली. त्या अरुंद आखातात उत्तरेचा वारा कसा सुटतो ते पाहिलेला माणूस आणखी एक कारण सांगेल.

फरकाचं म्हणाल, तर आज नेव्ही म्हणजे अख्खं दल: जहाजं, माणसं, तळ, गोदी, सगळं. फ्लीट म्हणजे एका मालकाच्या किंवा एका अधिकाऱ्याच्या हाताखालचा ताफा. मुंबईचा पश्चिम ताफा हा भारतीय नौदलाचा एक भाग. ताफा एसटीचाही असतो, त्याला बंदुका लागत नाहीत.

आणि 'मर्चंट नेव्ही' हे नाव आम्ही मिरवायला लावून घेतलेलं नाही. पहिल्या महायुद्धात व्यापारी जहाजांवरची माणसं हजारोंनी बुडाली, त्यानंतर ब्रिटनच्या पाचव्या जॉर्जने ते दिलं. आपल्याकडे ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन. १९१९ साली त्या दिवशी वालचंद हिराचंद आदींच्या सिंदिया कंपनीचं 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघालं. मामांना ४ डिसेंबरचा नौदल दिन पाठ आहे, ५ एप्रिल विचारला की खोकला येतो.

तुमच्या घरातलं कुणी जहाजावर जाणार असेल तर लग्नाच्या बायोडेटावर 'मर्चंट नेव्ही' असं पूर्ण लिहा. नुसतं 'नेव्ही' लिहिणं ही फसवणूक आहे. आणि 'ती खरी नेव्ही नव्हे' असं कुणी म्हणालंच, तर त्याच्या गाडीतल्या पेट्रोलचं क्रूड कुणाच्या जहाजाने आलं ते विचारा.

हां, बायबलात लढाऊ जहाजं अजिबात नाहीत असं मात्र समजू नका. दानीएल ११:३० मधली कित्तीमची (सायप्रसकडची) जहाजं उत्तरेच्या राजाला अडवायलाच आलेली आहेत. तेवढी ओळ मामांच्या बाजूने जाते.