अडीच वर्षांचा मुलगा 'ओळखा पाहू'च्या चित्रपुस्तकात सगळं चुकीचं ओळखतो, ही पुस्तकं आत्ताच घ्यावीत का?

घ्या की. पण तुम्ही "चुकीचं ओळखतो" असं लिहिलंय ना, मला त्यावरच बोलायचंय, कारण ह्याच शब्दावरून माझं आणि माझ्या दादाचं जे वाजलं ते अजून पूर्ण मिटलेलं नाही.

माझी लेक तेव्हा नुकती तीनची झाली होती. पुस्तक होतं खिडक्यांचं, म्हणजे पानाला गोल भोक कापलेलं, त्यातून मागच्या फोटोचा एक तुकडा दिसतो, ओळखायचं आणि मग पान उलटायचं. एका खिडकीतून नुसती राखाडी सुरकुतलेली कातडी दिसत होती. ती नाक पानाला टेकेल इतकी वाकून बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "आजोबांचं कोपर." मी काही बोलायच्या आत दादा म्हणाला, "अगं कोपर काय, हत्ती आहे हत्ती, नीट बघ!" आणि त्याने पानही उलटून टाकलं. सगळे हसले. वाईट मनाने कोणीच हसलं नाही, पण हसणाऱ्यांत मीही होते आणि ते मला आजही टोचतं.

ती गप्प उठली, आजोबांकडे गेली, त्यांच्या शर्टाची बाही वर सरकवली आणि कोपर बघितलं. मग परत येऊन फोटोवर बोट फिरवलं, परत कोपराकडे गेली. बाकीच्यांच्या गप्पा सुरू झाल्या होत्या, मी एकटी बघत होते. खरं सांगते, हात सरळ केला की कोपरावर जी कातडी गोळा होते ना, तिच्या त्या आडव्या चुण्या आणि फोटोतल्या चुण्या यातला फरक मलाही सांगता आला नसता.

त्यानंतर दोन-तीन महिने ती पुस्तक आणायची, खिडकीवर तळहात ठेवायची आणि चित्राकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघायची. "तू सांग." जी पानं तिला पाठ होती त्यांचंसुद्धा तेच. म्हणजे ती चित्र ओळखायचं सोडून आईला काय ऐकायचंय ते ओळखायला लागली होती.

दादाचं म्हणणं, चुकलं तर चुकलं म्हणायला नको का, उद्या हत्तीला कोपर म्हणेल. अरे पण हत्ती तिला चांगला माहीत होता! अख्खा हत्ती दाखवला असता तर ती कोपर म्हणाली असती का? प्रश्न "हा प्राणी कोणता" हा नव्हताच, एवढ्याशा तुकड्यावरून काय वाटतं हा होता, आणि त्याचं उत्तर तिने नीट बघून, आपल्या ओळखीच्या गोष्टीशी ताडून दिलं होतं. कोडं म्हणजे तरी दुसरं काय असतं, एका गोष्टीत दुसरी दिसणं. अ‍ॅरिस्टॉटलने म्हणूनच ठेवलंय की चांगल्या कोड्यांतून चांगली रूपकं मिळतात. इंग्लंडमध्ये एक्झिटरच्या कॅथीड्रलमध्ये दहाव्या शतकातलं एक हस्तलिखित आहे, त्यात नव्वदच्या वर कोडी आहेत आणि उत्तरं दिलेलीच नाहीत, अभ्यासक अजून काही कोड्यांवर वाद घालतायत. हे दादाला सांगितलं तर म्हणाला ती मोठ्यांची कोडी. बरं, मग लहानांचं घ्या. एरिक हिल यांचं १९८० सालचं ते स्पॉट नावाच्या पिल्लाला शोधायचं फ्लॅपवालं पुस्तक, त्यात आई दाराआड बघते, पलंगाखाली बघते, आणि जो फ्लॅप उघडावा त्याच्यामागे भलताच प्राणी "नाही" म्हणतो. शेवटी पिल्लू सापडेपर्यंत सगळ्या जागा चुकीच्याच, आणि मुलांना मजा नेमकी त्या "नाही"ची येते. तिथे चुकलं म्हणून कोणी पुस्तक बंद करत नाही.

मी नंतर काय केलं ते सांगते, तुम्हाला उपयोगी पडेल. पान उलटायचा हक्क फक्त तिचा. आणि मी माझा अंदाज सांगायला लागले, मला खरंच जे वाटेल ते, "मला तर चिखल वाळून भेगा पडतात ना, तसं वाटतंय." आणि मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड आहे. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक होत्या, त्यांनी वर्गांत मोजलं होतं की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंदच थांबतात, तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांब होतात आणि "माहीत नाही" कमी होतं. ती शाळेतली मुलं, अडीच वर्षांच्याला अजून जास्त वेळ द्या. तरी काही आठवडे गेले. एक दिवस त्याच खिडकीवर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "झाडाचं खोड." उत्तर तिला पाठ होतं तरी.

तुमचा वयाचा प्रश्न राहिला. फ्लॅपची पुस्तकं वर्षाच्या आतसुद्धा चालतात, झाकलेली वस्तू तिथेच असते हे बाळाला साधारण आठव्या महिन्यापासून कळायला लागतं. खिडक्यांची आणि सावल्या ओळखायची दोन-अडीचला, म्हणजे तुम्हाला हीच. नुसत्या शब्दांची कोडी चारच्या पुढे, आणि एका शब्दाचे दोन अर्थ असलेली सहा-सातच्या आधी नको, मुलं फक्त ऐकलेलं म्हणून दाखवतात. ज्यात कोड्याखालीच उत्तर छापलेलं असतं ते घेऊच नका.

हां, सगळंच बरोबर म्हणत सुटा असं नाही म्हणत मी. पान उलटल्यावर हत्ती आला की हत्तीच म्हणायचं, वर "कोपरासारखाच दिसतो की" म्हणायचं, बास. मूल कंटाळलं असेल तर वाट बघत ताणू नका, सांगून टाका. आणि माझी लेक बोलकी होती, तुमचा नुसतं बोट दाखवत असेल तर तेही उत्तरच आहे.

घरात पटकन उत्तर सांगणारं कोणी असेल तर पहिले काही दिवस नवं पुस्तक तुम्ही दोघांनीच बघा. आणि फ्लॅपच्या घडीला आधीच मागून सेलोटेप लावा, ती पहिल्या आठवड्यातच फाटते.