क्युबातलं खेडं पाहायचंय, कसं जायचं अन् कुठं राहायचं?

मागच्या अंकात मी विन्यालेसच्या खोऱ्यातल्या सात रात्रींच्या मुक्कामाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर भरपूर पत्रं आली. त्यातली तीन इथं घेतो.

प्रश्न: भाऊ नमस्कार. आमी राळेगाव तालुक्यातले, कपाशी अन् तूर पेरतो. मुलगी टोरंटोले शिकून रायली, डिसेंबरात मी अन् मिसेस तिच्याकडे चाललो, तिथून क्युबा चारेक तासाचं विमान हाय म्हणते. मले हवानातल्या जुन्या मोटारी पाहाची हौस नाही, मले खेडं पाहाचं हाय, एकाच गावात सात-आठ दिवस राहाचं हाय. तिथं अजून बैलानं वाही करतात हे खरं काय? आपल्यासारख्याले कोणी घरात ठेवते काय? अन् मिसेस माळकरी हाय, तिच्या जेवणाचं काय?

भाऊ, घरात ठेवतात, ती काळजी सोडा. तिथं कासा पार्तिक्युलार म्हणजे लोकांच्या राहत्या घरातली खोली भाड्यानं मिळते, 1997 पासून सरकारनं त्याला रीतसर परवाना दिलाय, दारावर निळ्या रंगाची उलट्या नांगरासारखी खूण असते (जहाजाचा नांगर, आपला नाही). खोलीचे साधारण 20 ते 30 डॉलर, नाश्ता-जेवण वेगळं, अन् पोचल्याबरोबर मालकीण तुमचा पासपोर्ट घेऊन एका रजिस्टरात सगळं लिहून घेते, तेव्हा घाबरू नका, तिला ते सरकारला कळवावंच लागते.

पैसे मात्र रोख न्या. अमेरिकन बँकेचं कार्ड तिथं चालतच नाही अन् आपल्या कार्डावर मी तरी भरवसा ठेवला नव्हता, युरो नेले होते, तुम्ही कॅनडाहून जाणार तर कॅनडियन डॉलरही चालतील. कागदपत्रांचं आधी बघा: भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा, मेडिकल इन्शुरन्स, अन् विमानाच्या आधीच्या सात दिवसांत भरायचा डी-व्हियाहेरोस नावाचा ऑनलाईन फॉर्म. कॅनेडियन लोकांसोबत विमानात बसलो म्हणजे आपलंही होऊन जाईल असं समजू नका. अन् कॅनडाचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना हे आजच पाहून घ्या, नाहीतर परत मुलीकडे जाताना अडकाल. इंधनाच्या टंचाईनं विमानंही मागंपुढं होतात, म्हणून तिकीट बदलता येईल असंच घ्या.

गाव म्हणाल तर पहिल्यांदा विन्यालेसच धरा. हवानाहून पश्चिमेला साधारण 180 किलोमीटर, पिनार देल रिओ प्रांतात. मोठ्या चौकात टुरिस्टांची गर्दी असते पण तिथून पायी अर्धा तास चाललं की सगळं शांत, लाल माती, ताडासारखी उंच रॉयल पाम अन् मधेच सपाट शेतातून सरळ उभे राहिलेले चुनखडीचे डोंगर, त्याला ते मोगोते म्हणतात. 1999 मध्ये युनेस्कोनं हे खोरं जागतिक वारसा यादीत घेतलं ते नुसत्या डोंगरांसाठी नाही तर तिथल्या जुन्या शेतीच्या पद्धतीसाठीही.

आता बैल. खरं आहे भाऊ, मी स्वतः बांधावर उभा राहून पाहिलं. 1991 ला सोव्हिएत युनियन फुटलं तेव्हा तिकडून येणारं डिझेल अन् ट्रॅक्टरचे पार्ट बंद झाले अन् सगळ्या देशाला परत बैलांकडे वळावं लागलं, तंबाखूवाले तर आधीपासूनच बैलवाले, ते सांगतात ट्रॅक्टरनं माती दबते. बैल पाहाल तर ओळखीचेच वाटतील, वशिंडवाले, त्यांना सेबू म्हणतात अन् त्या जातीचं मूळ आपल्याच देशातलं आहे. पण जू पाहून मी तिथंच थांबलो. आपलं जू मानेवर, वशिंडाच्या पुढं बसते, तिथं ते शिंगांच्या मागं डोक्यावर ठेवतात अन् दोरानं शिंगांना गच्च आवळतात, कपाळावर गादी बांधतात, म्हणजे बैल मानेनं नाही तर डोक्यानं ओढतो. मी त्या शेतकऱ्याला हातवारे करून आपली पद्धत सांगितली, मानेवर थाप मारून दाखवली, तर त्यानं काम सोडलं, एका बैलाची दोरी सोडून मला कपाळावरची गादी हातात दिली, घामानं ओली होती, आतून कापड घासून घासून गुळगुळीत झालेलं. वेसण मात्र तीच, नाकातून दोर, हाकायची रीतही तीच. मग आम्ही दोघं बराच वेळ बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे होतो, त्याला माझी भाषा येत नाही मला त्याची येत नाही, तरी जनावराचं वय किती, दात किती, सगळं बोलणं झालं.

डिसेंबरात तुम्हाला तंबाखू शेतात उभी दिसेल, तोडणी जोरात जानेवारी ते मार्च. मी गेलो तेव्हा तोडणी सुरू होती. पानं वाळवायचं घर म्हणजे पामच्या झावळ्यांनी शाकारलेला उंच मांडव, आत अंधार अन् तो वास, अन् बाया लाकडी बाकावर बसून लांब सुईनं पानं दोऱ्यात ओवून राहिल्या, ओवलेली माळ बांबूएवढ्या काठीवर टाकायची अन् काठी वर चढवायची. आपल्या गडचिरोली-गोंदियाकडे तेंदूपत्त्याचे पुडके बांधताना पाहिलंय ना, हाताचा तोच वेग. नव्वद टक्के माल सरकारनं ठरवलेल्या भावात सरकारला द्यायचा, उरलेला घरी. हे ऐकून मला एकदम 1972 ला सुरू झालेली आपली कापूस एकाधिकार खरेदी आठवली, तुम्ही त्या वयाचे असाल, तुम्हाला सांगायची गरज नाही. त्या बांधावरच्या माणसाशी तुमचं या विषयावर जे बोलणं होईल ते माझ्याच्यानं झालं नाही, कारण मी मास्तरचा पोरगा.

वहिनींच्या जेवणाचं: भात अन् काळ्या शेंगांचे दाणे रोज मिळतात, राजम्यासारखे, छान लागतात, पण ते बरेचदा डुकराच्या चरबीत फोडणीला टाकतात, दिसत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी मालकिणीला सांगा, "सिन कार्ने, सिन मान्तेका", म्हणजे मांस नको, चरबी नको. कागदावर देवनागरीत लिहून ठेवा म्हणजे वहिनींनाही म्हणता येईल. उकडलेला युका (साबुदाणा ज्याचा होतो तो कंद), मालांगा (अळूच्या कांद्यासारखा कंद), कच्च्या केळाचे चपटे करून तळलेले काप, पेरू, पपई. पपईला फ्रुता बोम्बा म्हणायचं, पपाया हा शब्द तिकडं चारचौघात बरा समजत नाहीत. उसाचा रस आपल्यासारखाच, ग्वारापो. घरून तिखट, हळद, मुगवड्या सीलबंद पाकिटात न्या. बियाणं मात्र बिलकुल नेऊ नका अन् आणूही नका, मला माहीत आहे शेतकऱ्याचा हात कुठं जातो ते, पण कस्टमवाले धरतात अन् धरलंच पाहिजे.

प्रश्न: मी ब्रह्मपुरीची, नर्सिंग झालंय, मैत्रिणीसोबत जायचा विचार आहे. स्पॅनिश अजिबात येत नाही. गावातून गावात फिरायला काय मिळतं?

ताई, पन्नास शब्द पाठ करून जा, तेवढ्यात भागते. फोनमध्ये भाषांतराचं ॲप इंटरनेटशिवाय चालेल असं डाउनलोड करून ठेवा कारण नेट कधी येते कधी जाते.

हवानाहून विन्यालेसला टुरिस्टांसाठी व्हियासुल नावाची बस आहे, नाहीतर शेअर टॅक्सी, आपल्या काळी-पिवळीसारखी, भरली की निघते, कासावाली फोन करून देते. त्याच्या पुढं खेड्यात घोडागाडी अन् ट्रक. मागं बाकं टाकलेला ट्रक, त्यात उभ्यानं लोक. नाक्यावर पिवळ्या कपड्यातली बाई किंवा माणूस दिसला तर समजा तो सरकारी माणूस आहे, त्यांना आमारियो म्हणजे पिवळे म्हणतात, जाणाऱ्या सरकारी गाड्या थांबवून लोकांना नंबरानं बसवून देणं हेच त्यांचं काम. नव्वदच्या दशकात बसा बंद पडल्या तेव्हाची ही सोय आहे.

एक शब्द सगळ्यात आधी शिका, "उल्तिमो?" म्हणजे शेवटचा कोण? ब्रेडचं दुकान असो की बस, लोक रांगेत उभे दिसणारच नाहीत, कोणी झाडाखाली, कोणी पायरीवर. तुम्ही जाऊन "उल्तिमो?" विचारायचं, कोणीतरी हात वर करते, बस, त्याच्या नंतर तुम्ही, आता तुम्हीही जाऊन सावलीत बसा अन् पुढं कोणी विचारलं की हात वर करा. आपल्याकडे रेशन दुकानासमोर पिशव्या अन् चपला ठेवून नंबर लावतात ना, तसंच, फक्त चपलेऐवजी माणसाचा शब्द.

तुम्ही नर्सिंगवाल्या आहात म्हणून सांगतो, गावातला कोन्सुल्तोरियो बाहेरून तरी नक्की पाहा. 1984 पासून फॅमिली डॉक्टरची योजना आहे, खाली दवाखाना अन् वर डॉक्टरचं घर, दोन मजली छोटी इमारत लगेच ओळखू येते. डॉक्टर गावातच राहतो ही गोष्ट आपल्या धानोरा-एटापल्लीकडून पाहिली की पोटात कालवते. औषधांची मात्र फार टंचाई आहे. डासांचा त्रासही, ओडोमॉस भरपूर न्या.

प्रश्न: तिथं लाईट नाही, अन्न नाही असं वाचतो. अशा वेळी फिरायला जाणं बरोबर आहे का? (शिक्षिका, अकोट)

मॅडम, हा प्रश्न मी स्वतःला तिथं रोज विचारला.

लाईटचं खरं आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये तर सगळ्या देशाची वीज एकदम गेली होती. लाईट जाण्याला तिथं अपागोन म्हणतात, मी राहिलो त्या गावात तो रोज संध्याकाळी व्हायचा. चंद्रपूर-कोराडीची वीज राज्याला देऊन आपण ज्या अंधारात बसलो तो ज्यांनी काढलाय त्यांना त्याचं नवल नाही, तिथंही सगळे ओट्यावर डुलत्या खुर्च्या काढून बसतात. एका रविवारी त्याच अंधारात शेजारचे दोन म्हातारे गायला बसले, एकानं दहा ओळींचं कडवं जागेवर जुळवायचं अन् दुसऱ्यानं त्याला उत्तर द्यायचं. पुन्तो म्हणतात त्याला, 2017 ला युनेस्कोच्या यादीत गेलंय. मला शब्द कळत नव्हते पण टोमणा कुठं बसला ते लोकांच्या हसण्यावरून कळायचं, लहानपणी ऐकलेला कलगी-तुरा डोळ्यासमोर आला.

पण खरी गोष्ट अंड्यांची. मालकीण मला रोज सकाळी दोन अंड्यांचं ऑम्लेट द्यायची. तिसऱ्या दिवशी मी पाणी मागायला स्वयंपाकघरात गेलो तर तिची आई, ऐंशीच्या घरातली, कॉफीत रेशनचा छोटा पाव बुडवून खात होती. लिब्रेता म्हणजे त्यांचं रेशन कार्ड, 1962 पासून आहे, त्यावर माणशी रोज एक पाव मिळतो, 2024 मध्ये तो 80 ग्रॅमचा 60 ग्रॅम केला. चुलीजवळच्या वाटीत दोनच अंडी होती अन् ती दोन्ही माझी होती. त्या दिवशी घास उतरला नाही. दुसऱ्या दिवसापासून मी सांगितलं की जे तुम्ही खाल तेच मला, पैसे नाश्त्याचे पूर्ण घ्या. ती आधी नाहीच म्हणाली, पाहुण्यासमोर नुसता पाव ठेवायला तिला लाज वाटत होती, मग मी म्हाताऱ्या आजीच्या शेजारी जाऊन बसलो अन् माझा पाव कॉफीत बुडवला तेव्हा कुठं ऐकलं.

म्हणून माझं मत असं की जा, कारण तुमच्या खोलीभाड्यावर ते घर चालते, न जाऊन त्यांचं पोट भरत नाही. पण मोठ्या हॉटेलात न राहता घरात राहा, मेनू मागू नका, अन् जे न्यायचं ते सरळ त्या घरात द्या, रस्त्यावर पोरांना चॉकलेटं वाटत फिरू नका. पॅरासिटामॉल, ओआरएस, बँडेज, साबण, चाळिशीचे चष्मे, सेलवरचा टॉर्च.

आणि राळेगावचे भाऊ, तुमच्यासाठी एक आठवण राहिली. पानं ओवणाऱ्या त्या बायांपैकी एकीच्या सुईचं टोक मोडलेलं होतं, ती दगडावर घासून घासून वापरत होती. आपल्याकडे पोती शिवायचं दाभण बाजारात दहा-वीस रुपयाला मिळते, ते चारदोन घेऊन जा. हातातल्या बॅगेत ठेवाल तर विमानतळावर काढून घेतील, मोठ्या बॅगेत कापडात गुंडाळून टाका.