सहा वर्षांच्या मुलीला कॉम्प्युटरवर जगभरच्या लोककथा, तिनं स्वतः हाताळाव्यात अशा कुठे मिळतील?

तुम्ही सांगलीचे, मीही सांगलीचाच. सुरुवात 'स्टोरीवीव्हर'पासून करा. प्रथम बुक्स या बालपुस्तकांच्या प्रकाशन संस्थेनं 2015 मध्ये सुरू केलेलं हे संकेतस्थळ मोफत आहे, मराठीत भरपूर गोष्टी आहेत आणि काहींमध्ये आवाजाबरोबर शब्द रंगत जातात. वाचायला नुकतं लागलेल्या मुलांना ते फार उपयोगी पडतं.

जुन्या सीडींच्या मागे लागू नका. 1992 पासून ब्रॉडरबंड या कंपनीची 'लिव्हिंग बुक्स' ही सीडीवरच्या गोष्टींची मालिका आली. चित्रात कुठेही क्लिक केलं की काहीतरी हलायचं, बोलायचं. सुंदर काम होतं, पण त्या काळचे 16-बिट प्रोग्रॅम आजच्या 64-बिट विंडोजवर थेट चालत नाहीत. शिवाय इंग्रजी.

माझं मत विचाराल तर गोष्ट तिलाच बनवू द्या. 'स्क्रॅच' हे मुलांना स्वतःच्या हलत्या-बोलत्या गोष्टी बनवता येतील असं प्रोग्रॅमिंगचं साधन मोफत आहे, तुम्ही शेजारी बसलात तर सहाव्या वर्षीही जमतं. गोष्ट घ्या 'चल रे भोपळ्या टुणूक टुणूक'. इराणमध्ये अगदी अशीच लोककथा आहे: लेकीकडे निघालेली म्हातारी, वाटेत लांडगा, बिबट्या, सिंह आणि परतताना भोपळा! एका पानावर आपली म्हातारी, दुसऱ्यावर इराणची. भोपळ्यावर क्लिक केलं की तो गडगडेल. आवाज आजीचा रेकॉर्ड करा, आपल्या सांगलीच्या बोलीतच. विकतच्या कुठल्याही ॲपमध्ये तो मिळणार नाही. यानंतर जपानचा बोटभर उंचीचा इस्सुन-बोशी घ्या. भाताच्या वाडग्याची होडी, सुईची तलवार. मुलं हरखून जातात.